कुठल्या खणात ठेवायचं? रॉक मशीन ते इंडस क्रीड



आम्ही विषय कळवला त्या संध्याकाळी आयोजकांचा फोन आला. "सर, कार्यक्रमपत्रिकेत रॉक बँड असंच छापायचं ना?" त्यांची शंका रास्त होती. ज्या माणसाने उभी हयात न्यायदर्शन आणि कांट शिकवण्यात घालवली, त्याने सत्तरी उलटल्यावर गिटारवाल्यांवर बोलायचं म्हणजे वयाचा परिणाम असावा, असं कुणालाही वाटेल. पण आज आम्ही बोलणार आहोत ते एका चुकीबद्दल, आणि ती चूक आमची आहे. ती दुरुस्त करायला आम्हाला पस्तीस वर्षं लागली. तेव्हा थोडं ऐकून घ्या.

गोष्ट १९८८ च्या आसपासची. आमच्या वर्गात लालबागचा एक मुलगा होता. वडील गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे तुम्हाला सांगायला नको. इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरातून कुणी ना कुणी त्यात होतंच. या मुलाचे वडील परत कामावर गेलेच नाहीत. मुलगा गणपतीत बेंजो पार्टीत ताशा वाजवायचा, एरवी भजनी मंडळात पखवाज, आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञान शिकायचा. एके दिवशी तास संपल्यावर त्याने एक कॅसेट आमच्या टेबलावर ठेवली. "सर, ऐकून बघा. आपल्या मुंबईची पोरं आहेत. गाणी स्वतःची आहेत." कॅसेट होती 'रॉक अँड रोल रेनेगेड', बँडचं नाव रॉक मशीन.

आम्ही कव्हर पाहिलं, लांब केस पाहिले आणि न ऐकताच निकाल दिला. म्हणालो, "अरे, ही साहेबाची नक्कल. तुझ्या पखवाजात याहून जास्त आहे." तो हसला आणि गेला. कॅसेट राहिली आमच्या खणात. आता विचार करा, प्रमाणशास्त्र शिकवणारा मास्तर. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, हे रोज फळ्यावर लिहिणारा. आणि प्रत्यक्ष प्रमाण टेबलावर असताना त्याने ते उघडलंसुद्धा नाही. याला काय म्हणायचं? असो. आधी इतिहास सांगतो, मग त्या खणाकडे परत येऊ.

रॉक संगीत मुंबईत १९८४ साली आभाळातून पडलं, असं नाही. धोबीतलाव ते कावेल हा जो पट्टा आहे, तो आम्हा गिरगावकरांच्या दृष्टीने ठाकूरद्वारच्या पलीकडचा देश. पण चालत गेलं तर दहा मिनिटं. तिथे गोव्याच्या गावागावांचे कूड होते, आणि कुडांतून व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारी माणसं राहत होती. नोटेशन वाचता येणारी ही मंडळी रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. ज्या गाण्यांवर आपण भारतीय म्हणून जीव टाकला, त्यांच्या वाद्यमेळाची कागदावरची मांडणी सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोवेकराने केलेली असे. म्हणजे नक्कल आणि अस्सल यांची सरहद्द आपण समजतो तिथे नव्हतीच.

साठच्या दशकात बीटल्सची हवा आली. कॉलेजातल्या पोरांनी बँड काढले. सिगारेट कंपनीच्या पैशावर सिमला बीट नावाची स्पर्धा होऊ लागली. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांमधल्या बँडच्या तबकड्याही निघाल्या. सॅव्हेजेस, जेट्स, पुढे व्हेल्वेट फॉग, ॲटॉमिक फॉरेस्ट अशी नावं त्या काळात गाजली. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केलं. आम्ही त्या वेळी एम. ए. करत होतो. आम्हाला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आमच्या चाळीत त्या वर्षी चर्चा होती ती दुष्काळाची आणि रेशनच्या रांगेची.

या सगळ्यात एक नाव मात्र आपल्या कानावर होतं. नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी रंगभूमीच्या घरातला. आईकडून कवी निस्सीम इझिकेल त्याचे मामा. हा मुलगा रॉक गायचा. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने ज्यूडास केला. आणि १९७८ मध्ये थिएटर ॲकॅडमीचं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. मूळ ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं १९२८ चं नाटक, मराठी रूप पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे. त्या नाटकात नाट्यपदाची चाल होती, लावणी होती आणि थेट रॉकसुद्धा होतं. प्रेक्षकांत आम्ही होतो. शेजारी धोतर नेसलेले एक गृहस्थ होते, आणि त्यांनीही रॉकला टाळी दिली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता रॉक मशीन. १९८४ साली मुंबईत हा बँड जमला. पुढच्या काही वर्षांत त्याचं जे रूप स्थिर झालं, त्यातली नावं वाचून दाखवतो: उदय बेनेगल, महेश तिनईकर, जयेश गांधी, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, झुबिन बालापोरिया. एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याखालच्या टपालपेट्या वाचाव्यात तशी ही यादी आहे. आडनावांवरूनच शहर ओळखता येतं.

त्या काळी बँड चालवणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना कळणं कठीण आहे. परदेशी गिटार किंवा ॲम्प्लिफायर आणायचा तर जबर जकात. स्टुडिओ होते ते सिनेमाच्या गाण्यांच्या सवयीचे. आणि सगळ्यात मोठी अडचण श्रोत्यांची. श्रोत्यांना परदेशी गाणीच हवी असत, तीही तबकडीवर आहेत तश्शी. जो बँड हुबेहूब वाजवील तो मोठा. स्वतःचं गाणं सुरू झालं की लोक चहा प्यायला उठत. या परिस्थितीत या पोरांनी स्वतःची गाणी रचायचं ठरवलं, आणि १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. आम्ही ज्याला नक्कल म्हणालो, ती खरं म्हणजे नक्कल थांबवण्याची सुरुवात होती. त्या मुलाने आम्हाला हेच सांगितलं होतं, "गाणी स्वतःची आहेत." तीन शब्द. आम्ही ते ऐकले नाहीत.

१९९० मध्ये दुसरा अल्बम आला, 'द सेकंड कमिंग'. पहिल्यातला धसमुसळेपणा कमी झाला होता, चाली आणि कीबोर्डचे रंग वाढले होते. त्यातलं 'प्रिटी चाइल्ड' हे गाणं बँडला फार दूर घेऊन गेलं. १९९१ पासून उपग्रह वाहिन्या आल्या, एमटीव्ही घराघरात दिसू लागला, आणि १९९३ मध्ये या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशिया विभागातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला. त्याच वर्षी त्यांनी नाव बदललं. रॉक मशीनचे इंडस क्रीड झाले.

जमलेलं नाव, जमलेला श्रोता, नुकतंच मिळालेलं यश, आणि अशा वेळी पाटी बदलायची? व्यापारी म्हणेल, वेडे आहेत. दुकानाचं नाव चालायला लागलं की कुणी बदलतं का? पण नाव बदललं तसं संगीतही बदललं. १९९५ च्या 'इंडस क्रीड' या अल्बममध्ये कठीण रॉक आहे, शांत गाणी आहेत, भारतीय सुरावटींचा रंग आहे, लांबलचक गुंतागुंतीच्या रचनांची ओढ आहे. पहिल्या अल्बमच्या श्रोत्याला वाटावं, हे आपले नव्हेत. नव्या श्रोत्याला कळेना, हे नेमके कोण.

इथे आम्हाला आमच्या दर्शनाचा आधार घ्यावा लागतो. दोन मिनिटं कंटाळा करू नका.

नैयायिक म्हणतात, गायींमध्ये गोत्व ही जाती असते, म्हणून सगळ्या गायी आपण गाय म्हणून ओळखतो. पण मनाला येईल ती जाती मानता येत नाही. उदयनाचार्यांनी किरणावलीत सहा अडथळे सांगितले आहेत, त्यांना जातिबाधक म्हणतात. त्यातला एक आहे संकर. उदाहरण ठरलेलं आहे. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश ही पाच भूतं, म्हणून त्यांच्यात भूतत्व. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन ही मूर्त, म्हणून त्यांच्यात मूर्तत्व. आता बघा, आकाश भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. आणि पृथ्वीत दोन्ही आहेत. असे दोन वर्ग एकमेकांना छेदू लागले की व्यवस्था बिघडते. म्हणून नैयायिक म्हणतात, इथे जाती मानू नका.

नव्वदच्या दशकातल्या कॅसेटच्या दुकानात जा. खण ठरलेले असत. एका भिंतीला हिंदी चित्रपट, त्याखाली गझल, भजन, भावगीत, नाट्यसंगीत. समोरच्या भिंतीला इंग्रजी. इंग्रजी म्हणजे परदेशी, आणि भारतीय म्हणजे भारतीय भाषेतलं, हा हिशेब. यात हा बँड घाला. भाषा इंग्रजी, पण माणसं परदेशी नाहीत. माणसं भारतीय, पण गाणी हिंदी नाहीत. दुकानदाराने परदेशी खणात ठेवलं तर तिथला गिऱ्हाईक म्हणणार, मला अस्सल द्या. भारतीय खणात ठेवलं तर तिथला गिऱ्हाईक म्हणणार, यातलं एक अक्षर कळत नाही. शुद्ध संकर! आणि त्यात हे लोक दर अल्बमला चाल बदलणारे. दुकानदाराचा दोष नाही. त्याला संध्याकाळपर्यंत गल्ला जमवायचा असतो.

त्याच सुमाराला बाजाराने एक नवा खण तयार केला, इंडीपॉप. बाबा सहगलचं 'ठंडा ठंडा पानी' १९९२ चं, अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' १९९५ चं, हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचं 'कलोनिअल कझिन्स' १९९६ चं. तीही मिश्रणंच होती, आणि काही उत्तम होती. पण बहुतेकांत हिंदी होती, गायकाचा चेहरा पुढे होता, आणि एका वाक्यात सांगता येत होतं. इंडस क्रीड एका वाक्यात सांगता येत नव्हते. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी आल्म्स फॉर शांती नावाने भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा आणखी एक मेळ मांडला. पुन्हा संकरच!

आता कुणी म्हणेल, सर, एवढं सोपं नाही. दक्षिण मुंबईतली इंग्रजी बोलणारी मुलं, त्यांना काय कमी होतं? ज्या वर्षांत परळचे भोंगे बंद पडत होते, त्या वर्षांत हे गिटार वाजवत होते. त्यांना उपेक्षित म्हणायचं? हा आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःला अनेक वर्षं घातला आहे, आणि तो हलका नाही. साचेवाल्याची उपेक्षा आणि बँडची उपेक्षा एका तागडीत घालता येणार नाही. पण ती कॅसेट आमच्याकडे कुणी आणली होती, तेही विसरता येत नाही. साचेवाल्याच्या मुलाने आणली होती. गिरगावातल्या मास्तरला जे परकं वाटलं, ते लालबागच्या ताशेवाल्याला परकं वाटलं नव्हतं. का? कारण बेंजो पार्टीत तो रोज तेच करत होता. मिरवणुकीत आधी आरती, मग कोळीगीत, त्याला जोडून सिनेमाचं गाणं, आणि मध्येच कुठली तरी विलायती धून. तिथे कुणी विचारत नाही, हे कुठल्या खणातलं. पाय थिरकला की झालं.

दुसरा आक्षेप असा, की सगळ्याच सरमिसळीला आपण मोठेपणा द्यायचा का? नाही. स्वतःचं काही सापडत नाही म्हणून चार ठिकाणचं उचललेलंही पुष्कळ असतं. फरक कसा ओळखायचा? आमच्या मते, बदलाची किंमत कोण देतो ते पाहावं. बाजार बघून चाल बदलणाऱ्याला बदलाचा फायदा होतो. यांना दर बदलाला जुना श्रोता गमवावा लागला. तोटा सोसून माणूस बदलतो तेव्हा त्याला काहीतरी ऐकू येत असतं, एवढं तरी मानावं.

आणि सरमिसळीचं आपल्याला एवढं वावडं कधीपासून झालं? १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यात साक्या-दिंड्या होत्या, लावणीच्या चाली होत्या, कानडी मुलखातलं संगीत होतं. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चाली आणल्या. भेसळच की! पण त्या भेसळीला आपण नाव दिलं, नाट्यसंगीत, आणि आता तीच परंपरा म्हणून आपण तिच्या शुद्धतेवर परिसंवाद घेतो. मिश्रण टिकतं की विरतं, हे बरंचसं यावर ठरतं की त्याला उभं राहायला एक जागा मिळते का. नाट्यसंगीताला नाटक मिळालं. बेंजोला मिरवणूक मिळाली. नंदू भेंडेच्या रॉकला 'तीन पैशाचा तमाशा' मिळालं, म्हणून धोतरवाल्या गृहस्थांनी टाळी दिली. तेच गाणं कॅसेटवर आलं असतं तर त्यांनी विकत घेतलं असतं का? आम्हाला शंका आहे.

मुंबईच्या रॉकलाही अशी जागा होती. धोबीतलावचं रंगभवन. उघडं नाट्यगृह, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी इंडिपेंडन्स रॉक हा उत्सव सुरू केला, आणि रंगभवन हे त्याचं घर झालं. १९९४ मध्ये जेथ्रो टल तिथे वाजवून गेले. पण आजूबाजूला इस्पितळं, शाळा, कॉलेजं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, इस्पितळ, शाळा आणि न्यायालयांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरलं, आणि काही वर्षांत रंगभवन गप्प झालं. नियम योग्यच होता. आजाऱ्याची झोप गिटारपेक्षा मोठी, याबद्दल वाद नाही. पण एक जागा गेली आणि तिच्या बदली दुसरी कुणी दिली नाही, ही नोंद इतिहासात असायला हवी. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले, तिथे बँड वाजतात असं ऐकतो. परळच्या त्या आवारात आता तिकीट काढून संगीत ऐकायला जाणाऱ्यांत साचेवाल्यांची नातवंडं किती असतील, हा प्रश्न आम्ही तुमच्यावर सोडतो.

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा एकत्र आले. काही जुने, काही नव्या पिढीतले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम निघाला. पुन्हा चाल वेगळी! अधिक गंभीर, अधिक गुंतागुंतीची. ही माणसं सुधारणारी नव्हेत, हे तेव्हा पक्कं झालं.

आता खणाकडे. टाळेबंदीच्या दिवसांत आम्ही कपाटं आवरायला काढली. कॅसेट सापडली. वाजवायला यंत्र नव्हतं. नातवाने ती गाणी मोबाइलवर शोधून दिली. आम्ही १९८८, १९९०, १९९५, २०१२ असे क्रमाने चारही अल्बम ऐकले, रोज एक. पहिला ऐकताना वाटलं, आपण अगदीच खोटं बोललो नव्हतो. विलायती कडक रॉकची छाप त्यावर आहेच. चौथ्या दिवशी कळलं, की आपण एका पायरीला जिना समजलो होतो. आवडलं का? सगळं नाही. आमचा कान भीमसेन जोशींवर वाढलेला आहे, आता कुठे बदलणार? पण ऐकलं. ऐकून नावड सांगणं आणि न ऐकता निकाल देणं यात जो फरक आहे, तेवढाच आमचा दावा आहे.

न्यायशास्त्राचं एक सांगायचं राहिलं. संकर हा अडथळा आहे, हे उदयनांचं मत पुढच्या सगळ्यांनी मान्य केलं नाही. नव्य नैयायिकांपैकी काहींनी विचारलं, दोन वर्ग एकमेकांना छेदत असतील तर छेदू देत की, त्यात दोष कसला? पृथ्वी भूतही आहे, मूर्तही आहे, आणि तिला त्याची काही अडचण वाटत नाही. अडचण आपल्या कोष्टकाची आहे. हा वाद आम्ही तीस वर्षं वर्गात शिकवला. त्यातला एक प्रश्न पेपरात हमखास घालायचो. त्या लालबागच्या मुलाने त्याचं उत्तर छान लिहिलं होतं, हे आम्हाला आठवतं. उत्तरपत्रिकेवर आम्ही गुण दिले होते. टेबलावर ठेवलेल्या उत्तराला दिले नव्हते.

तो मुलगा आता कुठे आहे, ठाऊक नाही. या व्याख्यानमालेची भाषणं उतरवून वाचायला ठेवतात, म्हणून हा विषय घेतला. त्याच्यापर्यंत हे पोहोचलं तर एवढंच कळावं, की कॅसेट आमच्याकडे जपून आहे, ऐकली आहे, आणि परत द्यायची राहिली आहे.